आज्ञावलीचा पुनरारंभ आणि आभासी उपकरणांशी पुनःसंधान

संगणकावर चालणारी कोणतीही आज्ञावली अखंड चालत नाही. कधी अंगच्या दोषामुळे ती मध्येच कोसळते. कधी स्मृती अपुरी पडल्यामुळे कर्नलच तिचा अंत करतो. आणि पुष्कळदा तर सुरक्षिततेसाठी केलेली एखादी सुधारणा अमलात आणण्याकरिता तिला हेतुपुरस्सर थांबवून नव्याने सुरू करावे लागते. ज्या आज्ञावलीचा संबंध केवळ स्वतःच्या फाइलींशी असतो, तिच्या बाबतीत हा पुनरारंभ फारसा अवघड नाही. परंतु कर्नलने उभ्या केलेल्या एखाद्या आभासी उपकरणामागे जी आज्ञावली काम करीत असते, तिची गोष्ट निराळी आहे. त्या उपकरणावर दुसऱ्या अनेक आज्ञावली विसंबून असतात. एकीचा अंत झाला म्हणून बाकीच्यांनी काय करावे, आणि ती परत आल्यावर तुटलेला धागा कोठून जोडावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक तपशिलाचा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर लिहिलेली माहिती टिकणार की नाहीशी होणार हे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात लिनक्स प्रणालीतील काही उपकरणांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

१. उपकरण, डिस्क्रिप्टर आणि मृत्यू

युनिक्स परंपरेत उपकरणाकडे फाइल म्हणूनच पाहिले जाते. 'डेव्ह' या निर्देशिकेतील एखादे नाव उघडले की कर्नल आज्ञावलीस एक लहानसा क्रमांक देतो. त्यास डिस्क्रिप्टर म्हणतात. वाचणे, लिहिणे, सूचना देणे हे सर्व व्यवहार या क्रमांकाच्या द्वारे होतात. उपकरण खरे असेल, तर त्याच्यामागे तबकडी किंवा जाळ्याचे कार्ड असते. उपकरण आभासी असेल, तर त्याच्यामागे यूजर स्पेसमधील, म्हणजे कर्नलच्या कक्षेबाहेर चालणारी, दुसरी एक आज्ञावली असते. एका अंगाने कर्नल जगाला 'ही तबकडी आहे' असे सांगतो, आणि दुसऱ्या अंगाने त्या तबकडीकडे आलेली प्रत्येक मागणी त्या आज्ञावलीच्या हाती देतो.

पुढील सर्व विवेचन एका नियमावर आधारलेले आहे. आज्ञावली कोणत्याही कारणाने संपली, तरी कर्नल तिचे सर्व डिस्क्रिप्टर स्वतः बंद करतो. तिने निरोप घेतला असो वा नसो, या नियमास अपवाद नाही. आणि बहुतेक आभासी उपकरणांचे आयुष्य त्यांच्या शेवटच्या उघड्या डिस्क्रिप्टरशी बांधलेले असते. सारांश, आज्ञावली मरते तेव्हा ती एकटी मरत नाही. ती ज्याला धरून होती ते उपकरणही, वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास, तिच्याबरोबर नाहीसे होते.

२. मावळातील पाण्याचा दृष्टांत

हा विषय अमूर्त असल्यामुळे तो क्षणभर परिचित भूमीवर आणून पाहणे उपयुक्त ठरेल. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० साली झाली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईस वीज मिळू लागली. त्यासाठी मावळात लोणावळा, वळवण इत्यादी ठिकाणी पावसाचे पाणी अडविण्यात आले. ते पाटांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणून तेथून नळांवाटे ५०० मीटरहून अधिक खोल असलेल्या खोपोलीस सोडले जाते. तेथे त्या पाण्याच्या जोराने चक्रे फिरतात आणि जनित्रे वीज निर्माण करतात.

या योजनेतील एखादे जनित्र दुरुस्तीसाठी थांबविले, असे समजा. घाटमाथ्यावरील पाण्यास त्यामुळे काही इजा पोहोचत नाही. झडप मिटते, पाणी तलावात थांबते, आणि जनित्र पुन्हा फिरू लागले की तेच पाणी उपयोगी पडते. विजेची स्थिती मात्र उलट आहे. तारेतील वीज साठून राहत नाही. त्या क्षणी जी निर्माण झाली नाही ती गेलीच, आणि ती उणीव दुसऱ्या जनित्राने तत्काळ भरून काढावी लागते. एकाच योजनेच्या एका टोकास थांबू शकणारी वस्तू आहे आणि दुसऱ्या टोकास न थांबणारी. तलावाची क्षमताही अमर्याद नाही. जनित्र फार काळ बंद राहिले आणि पाऊस कोसळत राहिला, तर पाणी सांडव्यावरून वाहून जाईल.

आभासी उपकरणांची विभागणी हीच आहे. जाळ्यावरील माहितीची पुडकी विजेप्रमाणे आहेत: घेणारा नसेल तर ती टाकून दिली जातात, आणि पाठविणाऱ्याने ती पुन्हा पाठवावी अशी अपेक्षा असते. तबकडीवर लिहिण्याची मागणी पाण्याप्रमाणे आहे: ती टाकून देता येत नाही, थांबवून ठेवावी लागते, आणि थांबविण्याची जागा संपली की मागणी करणाऱ्यालाच थांबावे लागते. दृष्टांताची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. पाण्याच्या थेंबाला नाव नसते. तबकडीकडे आलेल्या प्रत्येक मागणीला स्वतःची ओळख असते, आणि ती एकदा पुरी झाली की दोनदा, याला महत्त्व असते.

३. नाव कोण राखतो?

सर्वांत सोपे उदाहरण 'टन' या आभासी जाळे-उपकरणाचे होय. सुरक्षित खाजगी जाळी उभारणाऱ्या आज्ञावली त्याचा उपयोग करतात. आज्ञावली 'डेव्ह' निर्देशिकेतील 'नेट' या उपनिर्देशिकेतील 'टन' ही फाइल उघडते आणि 'टनसेटइफ' ही सूचना देऊन 'टन०' अशा नावाचा जोड-बिंदू मागते. त्यानंतर कर्नलने त्या जोड-बिंदूकडे धाडलेली पुडकी आज्ञावलीस वाचता येतात, आणि तिने लिहिलेली पुडकी बाहेरून आल्याप्रमाणे कर्नलमध्ये शिरतात.

आज्ञावली संपली की जोड-बिंदू नाहीसा होतो. त्याबरोबर त्याला दिलेला पत्ता जातो आणि त्यावरून आखलेले मार्गही जातात. आज्ञावली पुन्हा सुरू होऊन त्याच नावाचा बिंदू मागते तेव्हा तिला मिळतो तो नवा बिंदू. नाव जुने, परंतु पत्ता व मार्ग यांची पाटी कोरी. या मधल्या अवधीत, जी पुडकी गुप्त मार्गाने जावयाची ती मार्ग उरला नाही म्हणून सामान्य मार्गाने उघडी जाण्याचा धोका असतो. गैरसोयीपेक्षा हा धोका अधिक गंभीर आहे.

यावर उपाय म्हणून 'टनसेटपर्सिस्ट' ही सूचना आहे. ती दिली असता जोड-बिंदूचे आयुष्य डिस्क्रिप्टरपासून सुटे होते. आज्ञावली गेली, तरी बिंदू, पत्ता आणि त्याला जोडलेली मांडणी कायम राहते. फक्त 'वाहक नाही' अशी खूण त्यावर उमटते आणि त्याच्याकडे येणारी पुडकी टाकून दिली जातात. परत आलेली आज्ञावली तेच नाव मागते आणि रिकाम्या जागेवर बसते. संगणक बंद होईपर्यंत, अथवा कोणी तो मुद्दाम काढून टाकीपर्यंत, बिंदू टिकतो.

तथापि, नाव माहीत असणे एवढ्यानेच जागा मिळत नाही. कर्नल येथे तीन गोष्टी तपासतो. पहिली, मागणारा त्या बिंदूचा अधिकृत धनी आहे काय. दुसरी, तो बिंदू ज्या प्रकारचा आहे त्याच प्रकारची मागणी आहे काय. पूर्वी इथरनेटच्या पातळीवर निर्माण केलेला बिंदू आता आयपीच्या पातळीवर मागितला, तर मागणी अवैध ठरते. तिसरी, जागा खरोखर रिकामी आहे काय. या तिसऱ्या कसोटीवर अनेक आज्ञावली अडखळतात. मूळ आज्ञावलीने आपल्या हयातीत एखादी उप-आज्ञावली जन्मास घातली असेल आणि तिच्याकडे डिस्क्रिप्टर वारशाने गेला असेल, तर मूळ आज्ञावली मेल्यावरही कर्नलच्या लेखी जागा भरलेलीच राहते. नव्या आज्ञावलीस 'उपकरण व्यस्त आहे' असे उत्तर मिळते, आणि दोष कोठे आहे हे लवकर उमगत नाही. म्हणूनच उपकरणाचा डिस्क्रिप्टर उघडतानाच तो वारशाने जाऊ नये अशी खूण त्यावर करणे आवश्यक आहे.

४. स्मृती कोण राखतो?

नाव टिकले म्हणजे काम झाले, असे 'टन'च्या बाबतीत म्हणता येते. कारण तेथे कर्नल आणि आज्ञावली यांच्यात मागील संभाषणाची आठवण फारशी नसते. 'फ्यूज' या व्यवस्थेत मात्र ती असते. २००५ साली लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत समाविष्ट झालेल्या या व्यवस्थेने सामान्य आज्ञावलीस संपूर्ण फाइल-व्यवस्था चालविता येते. एखाद्याने त्या व्यवस्थेतील फाइल उघडली की कर्नल ती मागणी आज्ञावलीकडे पाठवितो आणि उत्तराची वाट पाहतो.

ही आज्ञावली मेली आणि तिचा शेवटचा डिस्क्रिप्टर मिटला की कर्नल जोडणी रद्द करतो. उत्तराची वाट पाहत असलेल्या सर्व मागण्या अपयशी ठरतात. फाइल-व्यवस्था तिच्या जागी दिसत राहते, परंतु तिला स्पर्श करणाऱ्या प्रत्येकास 'जोडणी अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळते. घर उभे असून आत कोणी नाही, अशी ही अवस्था होय. आज्ञावली पुन्हा सुरू केली, तरी या जुन्या घरात तिला शिरता येत नाही. जुनी जोडणी उतरवून नवी उभारावी लागते, आणि ज्यांनी जुन्या व्यवस्थेतील फाइली उघडल्या होत्या त्यांचे डिस्क्रिप्टर कायमचे निकामी होतात.

डिस्क्रिप्टर मिटूच दिला नाही तर? त्याची एक प्रत दुसऱ्या एखाद्या स्थिर आज्ञावलीकडे ठेवली, तर मुख्य आज्ञावली मेल्यावरही जोडणी रद्द होत नाही. नव्या मागण्या कर्नलमध्ये रांग लावून थांबतात, आणि नवी आज्ञावली ती प्रत घेऊन वाचू लागते. कल्पना सोपी आहे; परंतु तिच्यामागे तीन अडचणी दडलेल्या आहेत.

पहिली अडचण परिचयाची. जोडणीच्या आरंभी कर्नल आणि आज्ञावली यांच्यात एकदाच बोलणी होतात व उभयतांना कोणत्या सोयी मान्य आहेत हे ठरते. नव्या आज्ञावलीच्या वाट्याला ही बोलणी येत नाहीत. काय ठरले होते हे तिला अन्य मार्गाने ठाऊक असले पाहिजे.

दुसरी अडचण क्रमांकांची आहे आणि ती अधिक धोक्याची आहे. कर्नल फाइलींना नावाने नव्हे, तर आज्ञावलीने दिलेल्या क्रमांकाने ओळखतो. आज्ञावलीने एका फाइलीस ५७ हा क्रमांक दिला असेल, तर कर्नल पुढे '५७ मधून वाच' असेच म्हणेल. नव्या आज्ञावलीच्या कोष्टकात ५७ हा क्रमांक नसेल, तर निदान चूक उघड होईल. परंतु तो दुसऱ्याच फाइलीचा असेल, तर चुकीच्या फाइलीत लेखन होईल आणि कोणासही कळणार नाही. फ्यूजबरोबर मिळणाऱ्या एका नमुना-आज्ञावलीत तर स्मृतीतील पत्ताच क्रमांक म्हणून दिलेला आहे. सुलभतेच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम. पण आज्ञावली मेल्यावर तिच्या स्मृतीतील पत्त्यास काहीच अर्थ उरत नाही. ज्या आज्ञावलीस पुनर्जन्म घ्यावयाचा आहे तिने क्रमांक टिकाऊ गोष्टीवरून बेतले पाहिजेत, किंवा क्रमांकांचे कोष्टक आपल्याबाहेर जपून ठेवले पाहिजे.

तिसरी अडचण अर्धवट कामाची. जुन्या आज्ञावलीने जी मागणी वाचून घेतली होती, पण जिचे उत्तर देण्यापूर्वीच ती मेली, ती मागणी कर्नलच्या लेखी 'काम चालू' या सदरात असते. नवी आज्ञावली कितीही वाचत राहिली, तरी ती मागणी तिला दिसत नाही, आणि मागणी करणारा अनंत काळ थांबून राहतो. २०२४ साली आलेल्या लिनक्सच्या ६.९ या आवृत्तीत यावर उपाय आला. नवी आज्ञावली कर्नलला 'अनुत्तरित मागण्या पुन्हा पाठव' अशी सूचना देऊ शकते. आणि पुन्हा पाठविलेल्या मागणीच्या क्रमांकावर तशी खूण केलेली असते. ही खूण महत्त्वाची आहे. आज्ञावलीस त्यावरून कळते की हे काम पूर्वी कदाचित झालेले असेल.

५. अर्धवट कामाचे काय?

'कदाचित' या शब्दातच या विषयाचे मर्म आहे. त्याचा पूर्ण विचार 'यूब्लक' या व्यवस्थेत पाहावयास मिळतो. २०२२ साली लिनक्सच्या ६.० या आवृत्तीत आलेल्या या व्यवस्थेने सामान्य आज्ञावलीस आभासी तबकडी चालविता येते. प्रत्येक तबकडीस दोन रूपे असतात: एक जगास दिसणारी तबकडी, आणि दुसरी आज्ञावलीने मागण्या घेण्यासाठी उघडावयाची फाइल.

मूळ व्यवस्थेत आज्ञावली मेली की तबकडीही काढून घेतली जाई. पुढील ६.१ या आवृत्तीत पुनःप्राप्तीची सोय झाली. ती निवडली असता आज्ञावली मेल्यावर तबकडी जागेवर राहते आणि नव्या मागण्या स्तब्ध ठेवल्या जातात. हाच मावळचा तलाव होय. नंतर नवी आज्ञावली 'पुनःप्राप्ती आरंभ' अशी सूचना देते, मागण्यांची फाइल उघडते, सर्व रांगांवर हजर होते, आणि शेवटी 'पुनःप्राप्ती समाप्त' असे कळविते. त्यानंतरच झडप उघडते. जुनी आज्ञावली पूर्णपणे गेल्याची खात्री झाल्याशिवाय ही प्रक्रिया पुढे सरकत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जुन्या आज्ञावलीच्या हाती दिलेल्या, परंतु उत्तर न आलेल्या मागण्यांचे काय करावे, याविषयी यूब्लक दोन मार्ग देते. पहिला मार्ग असा की त्या मागण्या अपयशी म्हणून परत कराव्यात. हा मार्ग प्रामाणिक आहे, परंतु कठोर आहे. कारण तबकडीवरील फाइल-व्यवस्थेस लेखन अयशस्वी झाल्याचे कळताच ती स्वतःस 'केवळ वाचनापुरती' ठरवून पुढील सर्व लेखन थांबवू शकते. दुसरा मार्ग असा की त्या मागण्या पुन्हा नव्या आज्ञावलीच्या हाती द्याव्यात. हा मार्ग सौम्य आहे, परंतु त्यात तेच लेखन दोनदा होण्याचा संभव आहे. म्हणून ज्या आज्ञावलीस दुबार लेखन बाधत नाही तिनेच तो निवडावा, असे या व्यवस्थेचे लेखी बंधन आहे.

दुबार लेखन केव्हा बाधते, हे तपासणे बोधप्रद आहे. 'शंभराव्या घरात क ही माहिती लिही' ही मागणी दोनदा पुरी केली, तरी परिणाम एकच. 'वहीच्या शेवटी क ही ओळ जोड' ही मागणी दोनदा पुरी केली, तर वहीत दोन ओळी येतात. पहिल्या प्रकारच्या क्रिया पुनरावृत्तीस निर्भय असतात, दुसऱ्या प्रकारच्या नसतात. तबकडीकडे येणाऱ्या मागण्या मुख्यतः पहिल्या प्रकारच्या असल्यामुळे त्या पुन्हा पाठविणे सुरक्षित आहे, असा समज सहज होतो. परंतु तबकडीमागील माहिती जाळ्यापलीकडील दूरच्या संगणकावर असेल, तर तो समज फसवा ठरतो.

समजा, जुन्या आज्ञावलीने 'शंभराव्या घरात क लिही' हा संदेश दूरच्या संगणकाकडे पाठविला आणि ती मेली. संदेश जाळ्यात कोठेतरी रेंगाळला. नव्या आज्ञावलीकडे तीच मागणी पुन्हा आली. तिने क लिहून घेतले व 'काम झाले' असे उत्तर दिले. ते उत्तर मिळताच वापरकर्त्या आज्ञावलीने त्याच घरात ख ही नवी माहिती लिहिली. तेही काम झाले. यानंतर रेंगाळलेला जुना संदेश पोहोचतो आणि शंभराव्या घरात पुन्हा क लिहिले जाते. ख नाहीसा झाला. कोणत्याही एका टप्प्यावर कोणी चूक केलेली नाही, कोठेही अपयशाची नोंद नाही, आणि तरीही मान्य झालेले लेखन पुसले गेले आहे.

कर्नल या अनर्थास रोखू शकत नाही. जुनी आज्ञावली मेली आहे एवढेच तो सांगू शकतो. तिने जगात सोडलेले संदेश मेले आहेत असे नव्हे. यासाठी प्रत्येक पुनरारंभास एक चढता पिढी-क्रमांक द्यावा लागतो. नवी आज्ञावली कामास लागण्यापूर्वी दूरच्या संगणकास आपला क्रमांक कळविते, आणि तो संगणक त्यापुढे मागील पिढीचा कोणताही संदेश स्वीकारीत नाही. पुनःसंधान हे केवळ नव्याचे स्वागत नसून जुन्याची दारबंदीही असते, हे यावरून स्पष्ट होईल.

थांबविण्यासही मर्यादा हवी. तबकडीची मागणी करून थांबलेली आज्ञावली अशा अवस्थेत असते की तिला संपविण्याची सूचनाही लागू पडत नाही. नवी आज्ञावली कधीच आली नाही, तर एकेक करून सर्व वापरकर्ते अडकतात. म्हणून किती काळ थांबावे आणि त्यानंतर अपयश कळवावे, हा निर्णय आधीच घेतला पाहिजे. यूब्लकमध्ये पुढे, आज्ञावली परत येईपर्यंत नव्या मागण्या थांबविण्याऐवजी अपयशी ठरवाव्यात, असाही एक पर्याय देण्यात आला आहे. जाळ्यावरून तबकडी पुरविणाऱ्या 'एनबीडी' या जुन्या व्यवस्थेत २०१७ सालापासून तुटलेल्या जोडणीच्या जागी नवी जोडणी देता येते, व तोपर्यंत किती थांबावे याची मुदतही ठरविता येते.

६. दुसऱ्या बाजूची आज्ञावली

आतापर्यंत उपकरण चालविणाऱ्या आज्ञावलीचा विचार झाला. उपकरण वापरणाऱ्या आज्ञावलीचीही काही कर्तव्ये आहेत. उदाहरणार्थ, कळफलकावरील कळांची मांडणी बदलून देणाऱ्या आज्ञावली 'यूइनपुट' या मार्गाने एक आभासी कळफलक निर्माण करतात. या उपकरणास टिकून राहण्याची सोय नाही. आज्ञावली मेली की कळफलक जातो. कर्नल मात्र दोन बाबतींत दक्षता घेतो. कळफलक जाताना एखादी कळ दाबलेली राहिली असेल, तर ती सुटल्याचे तो स्वतः कळवितो. आणि आज्ञावलीने खरा कळफलक केवळ स्वतःसाठी अडवून ठेवला असेल, तर तो मोकळा करतो.

आज्ञावली परत आली की नवा कळफलक निर्माण होतो, पण त्याचा क्रमांक पूर्वीचाच असेल असे नाही. पूर्वीचा असला, तरी जुन्या डिस्क्रिप्टरचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्यावर वाचू गेल्यास 'असे उपकरण नाही' असेच उत्तर मिळेल. नाव तेच असणे आणि वस्तू तीच असणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून वापरकर्त्या आज्ञावलीने या उत्तराचा अर्थ 'सर्व संपले' असा न घेता जुना डिस्क्रिप्टर मिटवावा आणि उपकरणाच्या आगमनाची वाट पाहावी. लिनक्समध्ये 'यूडेव्ह' ही व्यवस्था अशा आगमनाची वार्ता देते. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी वार्तेसाठी नाव नोंदवावे आणि मग सध्याच्या उपकरणांची यादी पाहावी. हा क्रम उलटा झाला, तर यादी पाहून झाल्यानंतर व नाव नोंदविण्यापूर्वी आलेले उपकरण दोन्हींतून निसटते.

७. ठेवणदार आणि योग्य क्रम

डिस्क्रिप्टरची प्रत एखाद्या स्थिर आज्ञावलीकडे ठेवण्याचा उल्लेख वर आला आहे. युनिक्समध्ये एका आज्ञावलीस आपला डिस्क्रिप्टर दुसरीकडे सोपविता येतो. याच सोयीवर 'सिस्टिमडी' या सेवा-व्यवस्थापकाने डिस्क्रिप्टरचे भांडार उभारले आहे. सेवा आपला डिस्क्रिप्टर नावासह तेथे ठेवते. ती कोसळून पुन्हा सुरू झाली की तो तिला परत मिळतो. सेवेने किती डिस्क्रिप्टर ठेवावेत याची मर्यादा मुळात शून्य असते व ती मुद्दाम वाढवावी लागते. सेवा पूर्णपणे थांबविली, तर सामान्यतः भांडार रिकामे होते. तेव्हाही ते राखावे, असा पर्याय २०२३ सालच्या २५४ व्या आवृत्तीपासून आहे. 'टन'सारख्या उपकरणाचा डिस्क्रिप्टर असा ठेवल्यास वाहक तुटत नाही आणि मधल्या काळातील काही पुडकी, सामान्यतः ५०० पर्यंत, रांगेत थांबू शकतात. भांडार डिस्क्रिप्टर राखते. स्मृती राखण्याचे काम मात्र आज्ञावलीचेच राहते.

पुनःसंधानाच्या क्रमाविषयी खोपोलीच्या जनित्राकडूनच धडा घेता येईल. थांबलेले जनित्र फिरू लागले की लगेच ते वाहिनीस जोडीत नाहीत. त्याचा विद्युद्दाब, त्याची आवृत्ती आणि त्याची कला ही तिन्ही वाहिनीशी जुळल्यावरच खटका मिटवितात. न जुळता मिटविला, तर यंत्रास भयंकर हिसका बसतो. आज्ञावलीनेही हाच संयम पाळावा. प्रथम जुनी आज्ञावली व तिचे वारस गेल्याची खात्री करावी. मग डिस्क्रिप्टर मिळवून उपकरणाचे गुणधर्म अपेक्षेप्रमाणे आहेत की नाहीत हे पडताळावे. त्यानंतर कर्नलशी झालेली पूर्वीची बोलणी व क्रमांकांचे कोष्टक पुन्हा उभे करावे, मागील पिढीचे संदेश निषिद्ध ठरवावेत, आणि अर्धवट कामांचा निकाल लावावा. हे सर्व झाल्यावरच 'सिद्ध' अशी घोषणा करावी. पुष्कळ आज्ञावली उपकरण उघडताच ही घोषणा करतात, आणि मग त्यांच्यावर विसंबून असलेल्या सेवा अर्धवट जुळलेल्या यंत्रावर भार टाकतात.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे सार तीन प्रश्नांत मांडता येईल. आज्ञावली नसताना उपकरणाचे नाव कोण राखतो? तिची स्मृती कोण राखतो? आणि तिचे अर्धवट काम कोणाच्या नावे राहते? कर्नल पहिल्याचे उत्तर मागितल्यास देतो. दुसऱ्यात तो अर्धा वाटेकरी आहे. त्याची बाजू त्यास आठवते, आज्ञावलीची नाही. तिसऱ्यात तो फक्त पर्याय पुढे ठेवतो. दुबार काम सोसेल की नाही हे त्या कामाचा अर्थ जाणणाऱ्या आज्ञावलीलाच ठरवावे लागते. म्हणून पुनःसंधानाचा विचार आज्ञावली लिहून झाल्यावर जोडावयाची पुरवणी नव्हे. क्रमांक कसे द्यावेत, कोष्टक कोठे ठेवावे, लेखन कोणत्या स्वरूपात पाठवावे, या आरंभीच्या निर्णयांत तो आलाच पाहिजे.

या विषयात प्रयोग करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेची पद्धतही नीट निवडावी. आज्ञावली सुव्यवस्थितपणे थांबवून पुन्हा सुरू केल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तशा वेळी ती हातातील काम संपवून निरोप घेते. उपकरणावर लेखनाचा पूर्ण भार असताना आज्ञावलीस 'सिगकिल' या न टाळता येणाऱ्या सूचनेने संपवावे, आणि असे शेकडो वेळा, निरनिराळ्या क्षणी करावे. प्रत्येक वेळी, मान्य झालेले प्रत्येक लेखन नव्या आज्ञावलीकडून परत वाचता येते काय, हे ताडून पाहावे. जेथे ते मिळत नाही, तेथे वरील तीन प्रश्नांपैकी एखादा अनुत्तरित राहिला आहे, असे समजावे.